काम तेवढंच, बिल दीडपट : सार्वजनिक कामांतली वाढ नेमकी कुठून येते?

मोजपट्टी | रवि, रात्री १०:१२

परवा दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं : 'निविदा शंभरची, शेवटचं बिल दीडशेचं. मधले पन्नास कुठे गेले हे सांगायला ज्योतिषी नको.' वाक्याला टाळ्या भरपूर पडल्या. मी २६ वर्षं आधी अंदाजपत्रकं बनवण्यात आणि नंतर बिलं तपासण्यात घालवली, म्हणून चार शब्द लिहितो. त्या पन्नासांतले काही खाल्ले जातात, हे खरंच आहे. पण मी पाहिलेल्या कामांत त्यांतले बरेचसे मुळात शंभरातच धरलेले नव्हते. काम पहिल्यापासून दीडशेचं होतं. शंभर हा आकडा खोटा होता आणि ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

'खर्च वाढला' असं आपण सरसकट म्हणतो तेव्हा त्यात निदान पाच वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. परिमाण वाढलं. निविदेत नसलेली बाब करावी लागली. सिमेंट-पोलादाचे भाव चढले. काम रखडलं आणि रखडण्याचे पैसे लागले. किंवा काम सांगणाऱ्यानेच मध्ये मत बदललं. प्रत्येकाचं कारण निराळं, दोषी निराळा, औषधही निराळं.

परिमाणापासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त. बाबनिहाय दराच्या करारात ठेकेदार दराला बांधील असतो, परिमाणाला नाही. निविदेत ४०० मीटर नळ लिहिला आणि जागेवर ४६० मीटर टाकला, तर मोजमाप वहीत ४६० चढणार आणि ४६० चेच पैसे निघणार. इथे कुणी कुणाला फसवलेलं नाही, अंदाज चुकलाय इतकंच. गंमत पुढे आहे. परिमाण फारच हललं तर दरही हलतो, कारण त्या दरात यंत्र आणणं, तंबू ठोकणं, वाट करणं असले एकदाच होणारे खर्च वाटून टाकलेले असतात. म्हणून करारांत उंबरठे असतात. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, एखाद्या बाबीचं परिमाण १० टक्क्यांहून जास्त बदललं, आणि सोबतच्या आणखी काही अटी बसल्या, तर नवा दर ठरवता येतो. अमेरिकेत केंद्रीय निधीच्या महामार्ग करारांत प्रमुख बाब १२५ टक्क्यांच्या वर किंवा ७५ टक्क्यांच्या खाली गेली की दराचा विषय पुन्हा उघडतो. खालचा उंबरठा लोक विसरतात. काम कमी झालं तरी दर वाढू शकतो!

एक विनंती. 'आमच्या इथल्या अमुक पुलाचं काय?' हा प्रश्न कृपया इथे नको. तिसऱ्या प्रतिसादात पक्ष येतात, पाचव्यात नेते, आणि धागा वाहून जातो. चौकशी होऊन कागदावर आलेली उदाहरणं जगभर पडली आहेत, ती घ्या.

करदाता क्र. १ | रवि, रात्री १०:४०

म्हणजे कुणीच चोर नाही? सगळा दोष बिचाऱ्या अंदाजपत्रकाचा? काका, तुमचा पूर्ण आदर राखून सांगतो, हे पोलिसाने 'चोरी झालीच नाही, मुळात तिजोरी लहान होती' असं म्हणण्यासारखं आहे.

गिलावा | रवि, रात्री ११:०५

मी ठेकेदाराच्या बाजूचा, तेव्हा आधीच शिव्या घालून घ्या, मग वाचा.

आमचं एक काम होतं, रस्त्याकडेचं मोठं गटार. नकाशात जुनी जलवाहिनी रस्त्याच्या डाव्या अंगाला. खोदलं तर उजवीकडे, बरोबर आमच्या चरात. साहेबांना बोलावलं. साहेबांनी पाहिलं, डोकं खाजवलं, म्हणाले, "लोकांचं पाणी बंद पडता कामा नये. बाजूला घ्या आणि पुढे चला, कागदाचं नंतर बघू." आम्ही वाहिनी हलवली. चर दीड मीटर जास्त खोल गेला, पाणी उपसायला पंप दिवसरात्र. 'नंतर' आलं तेव्हा ते साहेब बदलून गेले होते. नवीन साहेबांचा प्रश्न साधा होता : लेखी आदेश कुठे आहे?

तीन वर्षांनी निम्मे पैसे मिळाले. वर्तमानपत्रात मात्र आलं की ठेकेदारावर वाढीव रकमेची खैरात.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. तोंडी आदेश आला की त्याच संध्याकाळी पत्र टाकायचं, 'आज आपण दिलेल्या सूचनेनुसार अमुक काम सुरू करत आहोत'. साहेब रागावतात. रागावू देत.

मोजपट्टी | रवि, रात्री ११:३०

गिलावा, तुमचं पत्र ही नुसती सावधगिरी नाही. फिडिकच्या त्याच पुस्तकात दावा करायचा तर घटना कळल्यापासून २८ दिवसांच्या आत सूचना द्यावी लागते. २९ व्या दिवशी दावा कितीही खरा असला तरी मेला. हे कलम क्रूर वाटतं, पण सूचना वेळेत मिळाली तर काम सांगणाऱ्याच्या हातात अजून पर्याय असतात. चर बुजल्यावर त्याच्या खोलीवर वाद घालणं म्हणजे जेवण झाल्यावर मीठ मोजणं.

करदाते, चोरीकडे येतो. थोडा धीर धरा.

बगीरथ | सोम, सकाळी ८:५०

संगणकवाल्याचा भाबडा प्रश्न. आमच्याकडे गिऱ्हाईक मत बदलत राहिलं की आम्ही 'ठोक रक्कम' करार करतो. इतक्यात इतकं करून देऊ, मग तुमची जोखीम तुमच्याकडे, आमची आमच्याकडे. रस्ते-पूल-नळांना हेच का करत नाहीत? ठोक रक्कम ठरवा, एक पैसाही जास्त नाही. विषय संपला.

मोजपट्टी | सोम, दुपारी १:२०

बगीरथ, याच उत्तरासाठी मी एडिनबरोची ट्राम राखून ठेवली होती.

२००८ च्या मे महिन्यात करार झाला. शहराला सांगितलं गेलं की किंमत बहुतांशी निश्चित आहे. एकूण तरतूद ५४.५ कोटी पौंड. पण कराराला एक जोडपत्र होतं, भाग ४, त्यात 'किंमत धरताना गृहीत धरलेल्या गोष्टी' लिहिल्या होत्या. संकल्पन जसं आहे तसंच राहील. रस्त्याखालच्या वाहिन्या आमच्या आधी दुसरा ठेकेदार हलवून मोकळ्या करेल. अशी यादी पुढे चालूच. यातलं एकही गृहीतक मोडलं की ती आपोआप 'बदलाची घटना' आणि तिचे वेगळे पैसे.

आता मजा बघा. सही झाली तेव्हा संकल्पन पुरं झालेलं नव्हतं. रस्त्याखाली नकाशात नसलेल्या वाहिन्या निघत होत्या, त्या हलवण्याचं काम मागे पडलेलं होतं. म्हणजे काही गृहीतकं सहीच्या दिवशीच मोडलेली होती! किंमत 'निश्चित' होती, फक्त ज्या जगासाठी ती निश्चित केली ते जग अस्तित्वात नव्हतं.

पुढे भांडण, काम बंद, २०११ मध्ये मध्यस्थी. शेवटी २०१४ च्या मे अखेरीस ट्राम धावली, ७७.६ कोटी पौंडांत, आणि तीही ठरल्यापेक्षा आखूड. न्यूहेवनपर्यंत जायची ती यॉर्क प्लेसलाच थांबली. लॉर्ड हार्डींची चौकशी २०१४ मध्ये बसली, अहवाल आला २०२३ च्या सप्टेंबरात. त्याच वर्षी जूनमध्ये राहिलेला न्यूहेवनचा तुकडा सुरू झाला, सुमारे २०.७ कोटी पौंडांत, आणि तो मात्र ठरवलेल्या रकमेत बसला. तेच शहर, तेच रस्ते.

ठोक रकमेच्या करारात मी आधी रक्कम वाचत नाही. 'यात समाविष्ट नाही' आणि 'असे गृहीत धरले आहे' ही पानं वाचतो.

बगीरथ | सोम, दुपारी १:४५

आमच्याही प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत 'गृहीतके' असतात. आता लाज वाटतेय. थोडीच.

कलमनवीस | सोम, सायंकाळी ६:१५

जमिनीखालच्या अज्ञाताची जोखीम कुणाची, हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. दोन निकाल शेजारी ठेवून पाहा.

पहिला १९१८ चा. अमेरिकेच्या नौदलाला ब्रुकलिनच्या गोदीत सुकी गोदी बांधायची होती. त्यासाठी आड येणारं सहा फुटी भुयारी गटार हलवायचं होतं. सरकारने नकाशे दिले, स्पिअरिन या ठेकेदाराने नकाशाबरहुकूम गटार बांधलं, सरकारने ते स्वीकारलंही. वर्षभराने मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली, गटार फुटलं, खोदकामात पाणी भरलं. शोध घेतला तेव्हा कळलं की जोडून असलेल्या सात फुटी गटारात एक बांध होता आणि तो कुठल्याच नकाशात दाखवलेला नव्हता. सरकार म्हणालं, जागेची पाहणी करणं तुमची जबाबदारी, दुरुस्ती तुमच्या खर्चाने. स्पिअरिनने काम थांबवलं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. जो नकाशे देतो तो ते पुरेसे आहेत याची हमीच देतो, आणि 'जागा पाहून घ्या' या कलमाने ती हमी पुसली जात नाही.

दुसरा सिॲटलचा. जुना उन्नत रस्ता पाडून त्याजागी बोगदा. साडेसतरा मीटर व्यासाचं खोदयंत्र, त्या वेळी जगातलं सर्वांत मोठं. डिसेंबर २०१३ मध्ये ते एका पोलादी नळीला धडकलं आणि नंतर बंद पडलं. ती नळी २००२ मध्ये राज्याच्याच वाहतूक खात्याने भूजल तपासायला घेतलेल्या विंधण विहिरीची. ठेकेदार गट म्हणाला, ही अनपेक्षित परिस्थिती आहे, पैसे द्या. राज्य म्हणालं, विहिरीचा उल्लेख आम्ही दिलेल्या कागदांतच होता. यंत्र दोन वर्षं बंद. डिसेंबर २०१९ मध्ये ज्यूरीने राज्याची बाजू घेतली आणि उलट ठेकेदारांनीच राज्याला ५.७२ कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं.

एका ठिकाणी नकाशात नसलेला बांध, दुसरीकडे कागदात असलेली नळी. फरक एवढाच. त्यामुळे अशिलांना मी कंटाळा येईपर्यंत सांगतो : जे माहीत आहे ते सगळं निविदेबरोबर द्या. लाजिरवाणं असलं तरी द्या. लपवलेला कागद नंतर ठेकेदाराच्या वकिलाला सापडतो.

गिलावा | सोम, सायंकाळी ७:००

वकीलसाहेब, 'सगळी जोखीम ठेकेदाराची' असं लिहिणाऱ्या निविदाही असतात. त्यांचं काय होतं सांगू? शहाणा माणूस त्या जोखमीचे पैसे दरात घालतो आणि निविदा हरतो. काम मिळतं ते दोघांपैकी एकाला. ज्याला जोखीम कळलीच नाही त्याला, किंवा नंतर भांडून काढू याची खात्री आहे त्याला.

विदाविनोद | सोम, रात्री ९:३०

गिलावांच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. बजारी, हॉटन आणि तादेलिस यांनी कॅलिफोर्नियातल्या रस्ते डांबरीकरणाच्या करारांचा अभ्यास केला, २०१४ मध्ये तो छापून आला. मध्येच बदल करावे लागले की जी मोडतोड होते (काम थांबणं, वेळापत्रक उसवणं, वाटाघाटी, भांडणं) तिचा खर्च त्यांनी काढला. तो जिंकलेल्या निविदेच्या ७.५ ते १४ टक्के निघाला. ठेकेदाराचा 'वरचा नफा' म्हणून आपण ज्याच्याकडे बोट दाखवतो तो त्यापेक्षा बराच लहान होता. आणि ठेकेदार हा खर्च आधीच ओळखून दरात धरतात. म्हणजे ज्या कार्यालयाचे नकाशे नेहमी बदलतात, त्याला निविदेतच महाग दर मिळतात. बदलाआधीच त्याची किंमत भरून मोकळे!

दुसरी गोष्ट, 'दीडपट झालं' म्हणताना कशाच्या दीडपट ते विचारा. फ्लिव्बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये २० देशांतले २५८ वाहतूक प्रकल्प तपासले. दहांतल्या जवळजवळ नवांचा खर्च अंदाजाच्या वर गेलेला. सरासरी वाढ रेल्वेत ४५ टक्के, पूल-बोगद्यांत ३४, रस्त्यांत २०. पण हा अंदाज म्हणजे 'बांधायचं' हा निर्णय झाला त्या दिवशीचा, निविदा उघडली त्या दिवशीचा नव्हे. त्या दोन दिवसांत कधी कधी दहा वर्षांचं अंतर असतं. त्यांनी महागाई वजा केली आहे, वर्तमानपत्रं करत नाहीत. बोस्टनच्या भुयारी महामार्गाचं नेहमीचं उदाहरण घ्या. २८० कोटी डॉलरचं काम १,४०० कोटींच्या वर गेलं असं लिहितात. पण ते २८० कोटी १९८२ च्या किमतींतले आणि काम संपलं २००७ च्या अखेरीस. वाढ प्रचंड होतीच, पण पाचपट म्हणणं चूक आहे.

लाल शाई | सोम, रात्री १०:२०

लेखापरीक्षण केलं आहे. मुद्द्याचं बोलते.

चोरी कुठे दिसते ते करदात्यांना हवं होतं. सहसा दरात नाही, वेळेत दिसते. जादा बाब, म्हणजे मूळ निविदेत नसलेली बाब, काम सुरू असताना मंजूर झाली की काम संपल्यावर? कार्योत्तर मंजुरी हा शब्द फाईलमध्ये एकदा आला तर समजू शकते. धावपळीत होतं. प्रत्येक पानावर आला तर ती पद्धत आहे.

दुसरी खूण तुकड्यांची. मंजुरीची मर्यादा ज्या रकमेला संपते त्याच्या किंचित खाली बसणाऱ्या चार जादा बाबी, एकाच आठवड्यात.

तिसरी, दर विश्लेषण. नव्या बाबीचा दर करारातल्या मिळत्याजुळत्या बाबीवरून काढायचा असतो. ती बाब असूनही बाजारातून तीन कोटेशनं आणली असतील, तर तिन्हींचे कागद शेजारी ठेवून बघते. एकाच यंत्रावर छापलेली कोटेशनं मी पाहिली आहेत. शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच.

मोजपट्टी | सोम, रात्री ११:१०

लाल शाईताईंनी माझं काम हलकं केलं. करदाते, संघटित चोरीचं नमुनेदार प्रकरण मॉंट्रियलचं. क्यूबेक प्रांताने २०११ मध्ये शार्बोनो आयोग नेमला, अहवाल २०१५ मध्ये आला. ठेकेदारांनी आपसांत कामं वाटून घेतलेली, आणि फुगवलेल्या किंवा न झालेल्या जादा कामांवर पालिकेतल्या अभियंत्यांच्या सह्या. हे साक्षीत आलं. तिथे जादा बाब हा अपघात नव्हता, ते उत्पन्नाचं साधन होतं.

पण जी लबाडी मला जास्त छळते ती पूर्ण कायदेशीर आहे. तिचा हिशोब मांडतो. चलन कुठलंही धरा.

निविदेत खोदकाम : माती ९,००० घनमीटर, खडक १,०००.
पहिला ठेकेदार प्रामाणिक. मातीला १००, खडकाला ४००. एकूण १३ लाख.
दुसऱ्याने आजूबाजूच्या विहिरी बघितल्यात. त्याला माहीत आहे की खडक बराच जास्त आहे. तो मातीला ६० लावतो, खडकाला ७००. एकूण १२ लाख ४० हजार.

दुसरा सर्वांत कमी, काम त्याचं. सगळे खूश, ६० हजार वाचले.

प्रत्यक्षात निघते माती ६,००० आणि खडक ४,०००. पहिल्याच्या दराने बिल झालं असतं २२ लाख. दुसऱ्याच्या दराने होतं ३१ लाख ६० हजार. ६० हजार वाचवायला गेलो आणि ९ लाख ६० हजार घालवले. त्याने एकही खोटं माप लिहिलेलं नाही. इतकंच कशाला, एकूण खोदकाम तेवढंच राहून खडक १,००० ऐवजी नुसता १,१८० घनमीटर निघाला असता, तरी दुसराच महाग पडला असता.

यावर इलाज? चार विंधण छिद्रं जास्त घेणं. पण त्या छिद्रांचे पैसे निविदेआधी लागतात आणि तेव्हा 'सर्वेक्षणावर एवढा खर्च कशाला?' असा शेरा येतो. निविदा उघडल्यावर दरांचा तोल तपासणं हा दुसरा इलाज. नियमांत असतो, वापरायला धाडस लागतं, कारण सर्वांत कमी निविदा नाकारणाऱ्यावर पहिला संशय येतो.

करदाता क्र. १ | मंगळ, सकाळी ७:१५

हे गणित मी दोनदा करून पाहिलं. बरोबर आहे. झोप उडाली.

भाववाढीचं राहिलं. पोलाद महागलं म्हणून ठेकेदाराला जास्त पैसे का? माझं घर बांधताना मला कुणी भाववाढ दिली नव्हती.

मोजपट्टी | मंगळ, दुपारी १२:३०

घर वर्षात होतं, मलनिस्सारणाचं जाळं चार वर्षांत. चार वर्षांनंतरच्या पोलादाचा भाव आज बांधून द्या म्हटलं तर ठेकेदार अंदाजाने फुगवूनच देणार. भाव चढले नाहीत तरी ती फुगवट आपण भरणार. म्हणून सूत्र. समजा ठरवलं की कामात १५ टक्के भाग कायम, मजुरी २५, पोलाद २०, सिमेंट १५, डांबर १५, इंधन १०. पोलादाचा निर्देशांक १०० चा १५० झाला, बाकी सगळं स्थिर राहिलं, तर त्या महिन्याचं बिल १० टक्के वाढतं. ठेकेदाराने प्रत्यक्ष काय भावाने घेतलं याच्याशी संबंध नाही. निर्देशांक उतरला तर बिलही उतरतं, हे निदान कागदावर.

पाहायचं ते दोन ठिकाणी. वाटे खरे आहेत का? ज्या कामात डांबराचा थेंब नाही त्याला मागच्या कामावरून नक्कल करून डांबराचा वाटा दिलेला मी पाहिलाय. आणि मूळ महिना कुठला? फिडिकमध्ये निविदा भरण्याच्या शेवटच्या दिवसाच्या २८ दिवस आधीची तारीख पायाभूत धरतात. ती पुढेमागे सरकवली तर सगळं बिल सरकतं.

गिलावा | मंगळ, दुपारी १:००

आणि मुदत कुणामुळे वाढली हेही. माझ्यामुळे रखडलं तर वाढीव काळातली भाववाढ मी मागू नये, मान्य. पण जागाच सहा महिने उशिरा दिलीत तर? यंत्रं उभी, माणसं बसून, विम्याचे हप्ते सुरू. नुसती 'मुदतवाढ मंजूर, आर्थिक लाभाशिवाय' असं लिहून मोकळे होतात.

सायली_मे | मंगळ, रात्री ८:४०

वेगळा सूर लावते. खर्च वाढला म्हणजे वाईटच झालं का? सिडनीचं ऑपेरा हाउस १९५७ मध्ये ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं सांगितलं होतं. १९७३ मध्ये उघडलं तेव्हा १० कोटी २० लाख. आज ते नसतं तर? खरा आकडा आधी कळला असता तर कुणी वीटही रचू दिली नसती.

मोजपट्टी | मंगळ, रात्री ९:२५

सायलीताई, हा युक्तिवाद मी प्रत्येक कंत्राटी बैठकीत ऐकलाय, फक्त तिथे इमारत ऑपेरा हाउसची नसून पंपघराची असते.

आणि सिडनीत नुसता आकडाच कमी सांगितला नव्हता. छताचं संकल्पन ठरायच्या आधी १९५९ मध्ये खालचा चौथरा बांधायला घेतला. छताचा आकार शेवटी ठरला तेव्हा त्याचं वजन चौथऱ्यातल्या खांबांना पेलेना, ते पुन्हा बांधावे लागले. वास्तुकार उट्झॉन १९६६ मध्ये काम सोडून गेले. हा खर्च सौंदर्याचा नव्हे, घाईचा. पैसा बहुतांश लॉटरीतून आला म्हणून तिथल्या तिजोरीने सोसलं. पंपघराला लॉटरी कोण काढणार?

सायली_मे | मंगळ, रात्री ९:४०

पंपघराची लॉटरी! घेईन मी तिकीट. मुद्दा अर्धा मान्य.

कलमनवीस | बुध, सकाळी ९:०५

मर्यादेबद्दल थोडं, कारण पुढे कुणी विचारेलच. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात, कलम ७२, खरोखर न दिसू शकलेल्या परिस्थितीमुळे बदल करता येतो, पण एकेका बदलाची किंमत मूळ कराराच्या ५० टक्क्यांवर नको. बांधकामात मूळ किमतीच्या १५ टक्क्यांखालचे छोटे बदल, ठरावीक अटींत, फारशा कारणमीमांसेशिवाय चालतात. त्यापलीकडे नवी निविदा. हेतू चांगला. मात्र कसलेला माणूस १४ वर थांबतो.

लाल शाई | बुध, सकाळी ९:२०

किंवा ४९ वर. आकडे मर्यादेला चिकटून बसले की मी चष्मा पुसते.

करदाता क्र. १ | बुध, रात्री ८:००

नियम मोडत नाही, गावाचं नाव घेत नाही. घराजवळच्या एका संपलेल्या कामाची माहिती अर्ज करून मागवायची आहे. 'सगळी कागदपत्रं द्या' म्हटलं तर पोतं देतील आणि मी बुडेन. नेमकं काय मागू?

मोजपट्टी | बुध, रात्री ८:३५

एकच कागद. मंजूर निविदा आणि अंतिम बिल यांचं बाबनिहाय तुलनापत्रक, जादा बाबींसकट, प्रत्येक जादा बाबीच्या मंजुरीची तारीख धरून. एवढंच. परिमाणात ज्या बाबी दुपटीच्या वर गेल्या त्या आधी बघा, आणि त्यांचाच दर इतर निविदाकारांपेक्षा चढा होता का तेही. जवळपास गायब झालेल्या बाबी बघायला विसरू नका. स्वस्त दराची बाब गळते आणि महागड्या दराची फुगते, तेव्हा खडक-मातीचं गणित आठवा.

करदाता क्र. १ | २३ दिवसांनी, सायंकाळी ५:५०

धागा वर काढतोय. पत्रक मिळालं, तीन पानं. जादा बाबी १४. त्यांतल्या ११ ना एकाच दिवशी मंजुरी.

लाल शाई | त्याच दिवशी, सायंकाळी ६:१०

ती तारीख काम संपण्याआधीची?

करदाता क्र. १ | सायंकाळी ६:१५

अंतिम बिलाच्या चार दिवस आधीची. काम त्याच्या पाच महिने आधी संपलंय, मी रोज त्याच रस्त्याने जातो.

गिलावा | सायंकाळी ६:३०

घाई करू नका. माझंही असंच झालं असतं, साहेब बदलले नसते तर. काम खरंच झालं असेल आणि कागद मागून आला असेल.

मोजपट्टी | सायंकाळी ७:०५

गिलावा म्हणतात ते शक्य आहे. म्हणून आता त्या ११ बाबींची मोजमाप वहीतली पानं मागा, फक्त तेवढीच. मापं कुठल्या तारखेला घेतली ते तिथे असतं. चर उघडा असताना घेतली असतील तर गिलावांची माफी मागू. बुजवल्यानंतरच्या तारखेची असतील, तर जमिनीखालचं कुणी कसं मोजलं, एवढंच विचारा.